पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळताना: दिवस कुठे बिघडतो आणि तो कसा सावरावा

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी दिली जाते, तेव्हा पुष्कळदा ती सोपा वर्ग समजून दिली जाते. अभ्यासक्रम थोडा, परीक्षेचा ताण नाही, मुले लहान, म्हणजे काम हलके, असा हिशेब त्यामागे असतो. प्रत्यक्षात सकाळी ऐकणारा वर्ग दुपारी मुळीच ऐकत नाही, काल ‘कमल’ घडाघडा वाचणारी मुलगी आज ‘क’पाशीच अडते, मंगळवारी रंगलेला पाठ बुधवारी तसाच घेतला तर पाच मिनिटांत फसतो. हे चढउतार नवा शिक्षक स्वतःच्या कौशल्याचे मोजमाप समजू लागतो आणि चांगल्या दिवशी उगाच हुरळून, वाईट दिवशी उगाच खचून जातो. वस्तुतः लहान मुलांचा वर्ग बिघडण्याच्या वेळा बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात, आणि त्या ठरलेल्या असतात म्हणूनच त्यांची आधी तयारी करता येते. पुढील मार्गदर्शन त्या वेळा ओळखण्यासाठी आणि त्यांच्याभोवती दिवस आखण्यासाठी आहे.

येथे डोळ्यांसमोर ठेवली आहे ती द्विशिक्षकी शाळा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे अनेक खेड्यांत एकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी-चौथी अशी वाटणी असते. ज्यांच्याकडे एकच इयत्ता आहे त्यांनी एकत्र वर्गाविषयीचा भाग सोडून द्यावा. बाकीचे त्यांनाही लागू पडेल.

शाळा उघडण्यापूर्वी: जन्ममहिना, घरची भाषा आणि अंगणवाडी

पहिली पायरी मुले येण्याआधीची आहे. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणे ग्राह्य धरले जाते. याचा अर्थ असा की जूनमध्ये एका बाकावर साडेपाच वर्षांचे मूल आणि त्याच्या शेजारी साडेसहा वर्षांचे मूल बसलेले असते. मोठ्यांच्या दृष्टीने एक वर्ष म्हणजे काहीच नाही, परंतु साडेपाच वर्षांच्या मुलासाठी तो त्याच्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा असतो. म्हणून दाखल नोंदवहीतून मुलांची यादी जन्ममहिन्यानुसार स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावी. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांची बोटे, बसण्याची क्षमता आणि रडू येण्याची वेळ ही इतरांपेक्षा वेगळी असणार, हे गृहीत धरावे. ‘हा मागे आहे’ असा शेरा ज्यांच्याविषयी पहिल्या महिन्यात मारला जातो, त्यांतील कितीतरी मुले केवळ वयाने लहान असतात.

त्याच आठवड्यात अंगणवाडीत जाऊन सेविकाताईंशी तासभर बोलावे. कोणते मूल अंगणवाडीत नियमित येत होते, कोण घास भरवल्याशिवाय जेवत नाही, कोणाला कमी ऐकू येते, कोणाच्या घरी मोठे माणूस दिवसभर नसते, हे सर्व त्यांना तोंडपाठ असते आणि ते कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

घरची भाषा वेगळी असेल तर वीस-तीस शब्दांची यादी करून ठेवावी. बंजारा तांड्यावरचे मूल आईला ‘याडी’ म्हणते, अहिराणी बोलणाऱ्या घरात मुलीला ‘आंडेर’ म्हणतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे पावरी. यादीत आधी पाणी, भूक, शू, दुखते, भीती वाटते, घरी जायचे हे शब्द हवेत, फळाफुलांची नावे नंतर आली तरी चालतात. तिसरी-चौथीतील मुले ही यादी अर्ध्या तासात करून देतात आणि ती करताना त्यांना शिक्षकाला शिकवण्याचा मान मिळतो, हा वेगळाच फायदा.

शाळेचे पहिले पंधरा दिवस: पुस्तक मिटलेले ठेवावे

पाठ्यपुस्तके पहिल्याच दिवशी मिळतात आणि ती लगेच उघडण्याचा मोह होतो. पंधरा दिवस तो आवरावा. या काळात शिकवायचे आहे ते वर्गात वावरणे: कुठे आणि कसे बसायचे, चपला कोठे ठेवायच्या, दप्तरातून पाटी कशी काढायची, पाणी कसे घ्यायचे आणि शौचालयात कसे जायचे. यांतील प्रत्येक गोष्ट हा स्वतंत्र पाठ समजून करून दाखवावा आणि मुलांकडून चार-पाच वेळा करून घ्यावा. ‘सांगितले होते’ आणि ‘सरावाने अंगवळणी पडले’ यांतील फरक या वयात फार मोठा असतो.

शौचालयाचा पाठ विशेष काळजीने घ्यावा. अनेक मुलांनी आधी कधी आतून कडी लावलेली नसते, काहींना बंद दाराची भीती वाटते, आणि भीतीमुळे मूल दिवसभर रोखून धरते. रिकाम्या वेळी चार-चार मुलांना नेऊन दार, कडी, पाणी दाखवावे. सुरुवातीला दोघांची जोडी पाठवावी, एकाने बाहेर थांबावे. परवानगी मागण्याची अटही काढून टाकावी. दाराजवळच्या खिळ्याला एक लाकडी कडे टांगून ठेवावे. ज्याला जायचे आहे त्याने ते घ्यावे, परत आल्यावर टांगावे. एका वेळी एकच जोडी बाहेर राहते, पाठ थांबत नाही, आणि तीस जणांसमोर ‘बाई, शू’ म्हणायला लाजणारे मूल मोकळे होते. तरीही कधीतरी चड्डी ओली होणारच. कपाटात दोन चड्ड्या, एक फ्रॉक आणि जुने फडके ठेवावे, आणि असे घडेल तेव्हा बाकीच्या मुलांना फळ्यावरचे चित्र पाटीवर काढायला सांगून त्या मुलाला शांतपणे बाहेर न्यावे. वर्ग हसला तर ते मूल पुढचा आठवडा शाळेत येत नाही.

रडणाऱ्या मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण दारात थांबलेल्या आईची असते, असे सांगितले तर कठोर वाटेल, परंतु ती जितका वेळ थांबते तितके रडणे लांबते. आईला विनंती करावी की तिने नेमके सांगून जावे: ‘खिचडी खाऊन झाली की मी येते.’ पहिल्या आठवड्यात तिने खरोखर त्या वेळी यावे, दुसऱ्या आठवड्यात शाळा सुटताना. लपूनछपून निघून जाणे सर्वांत वाईट, कारण मग मूल दाराकडेच पाहत बसते. मुलाला ‘रडू नको’ असे सांगण्याऐवजी त्याच्या हाती काम द्यावे, म्हणजे खडू वाटणे, पाट्या गोळा करणे, फळा पुसणे. चौथीत मोठी बहीण असेल तर काही दिवस तिला अर्धा तास शेजारी बसू द्यावे. त्याने तिचा अभ्यास बुडत नाही.

याच पंधरवड्यात शांत होण्याची एक खूण ठरवावी. टाळ्यांचा ठेका, उंचावलेला हात, जे निवडाल ते एकच असावे, आणि वर्ग शांत असतानाच त्याचा खेळ म्हणून सराव घ्यावा. गोंधळात पहिल्यांदा वापरलेली खूण गोंधळाचाच भाग होऊन बसते. डोळ्यांनी दिसणारी खूण अधिक चांगली, कारण पत्र्याच्या खोलीत श्रावणातली सर आली की शिक्षकाचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. अशा वेळी ओरडून शिकवू नये. पाटीवर चित्र, मण्यांची माळ, अक्षरकार्डांच्या जोड्या असे मुक्याने करण्याचे काम तयार असावे. या वर्गाच्या शिक्षकाचा घसा जुलैत बसला की दिवाळीपर्यंत पूर्ववत होत नाही.

दिवसाची आखणी: पाच नाजूक वेळा

शाळा साडेदहाला भरते असे धरू. वेळा निराळ्या असतील तर त्याप्रमाणे सरकवाव्यात. वेळापत्रकात विषय लिहिलेले असतात, परंतु वर्ग विषयांमुळे क्वचितच बिघडतो. तो बिघडतो एका कामातून दुसऱ्याकडे जाताना आणि शरीराची गरज व वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही तेव्हा.

परिपाठ ही पहिली नाजूक वेळ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बातम्या, बोधकथा हे सर्व उन्हात उभ्याने ऐकणे पाच-सहा वर्षांच्या मुलाला जमत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून लहान मुलांची रांग सावलीत घ्यावी आणि पहिला भाग संपताच त्यांना बसू द्यावे किंवा वर्गात न्यावे. वर्गात पाऊल ठेवताच हाताला काम मिळावे यासाठी तळफळ्यावर (भिंतीच्या तळाशी, मुलांच्या हाताला येईल अशा फळ्यावर) काही काढून ठेवावे: अर्धवट चित्र, सुटलेले अक्षर, ठिपके. हजेरी त्या पाच मिनिटांत होते आणि धक्काबुक्कीला जागा राहत नाही.

यानंतरचा दीड तास दिवसातला सर्वांत मोलाचा. नवे अक्षर, नवी संख्या, जे काही नवे असेल ते याच वेळी घ्यावे. मात्र एक काम दहा-पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नये. बसून ऐकणे, उभे राहून म्हणणे, हाताने लिहिणे, जोडीत खेळणे असा बदल सतत असावा. विषय तोच राहिला तरी चालेल, शरीराची स्थिती बदलली पाहिजे. हा बदल म्हणजेच दुसरी नाजूक वेळ. ‘चला, आता पाट्या काढा’ असे म्हटल्यावर तीस पाट्या बाहेर येईपर्यंत लागणारी चार मिनिटे मोकळी सोडली तर पुढची दहा मिनिटे वर्ग सावरण्यात जातात. त्यासाठी ठरलेले बडबडगीत असावे, ते संपेपर्यंत पाटी मांडीवर आली पाहिजे.

तिसरी वेळ खिचडीपूर्वीचा अर्धा तास. अनेक मुले सकाळी चहा-बिस्किटावर किंवा चहा-चपातीवर आलेली असतात, कारण आई-वडील लवकर रानात किंवा कामावर गेलेले असतात. पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम तांदळाचे प्रमाण ठरलेले आहे आणि त्या जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. काही मुलांसाठी ते दिवसाचे पहिले पोटभर जेवण असते. फोडणीचा वास वर्गात आल्यावर बाराखडी शिकवणे व्यर्थ आहे. या वेळी अंगणात मोजणे, उड्या, गाणी आणि शेवटी सावकाश हात धुणे ठेवावे. ज्या मुलाची चिडचिड रोज सकाळी अकरा-साडेअकराला सुरू होते, त्याला रागावण्यापूर्वी सकाळी काय खाल्ले ते विचारावे. कपाटात मुरमुरे-शेंगदाणे असले तर तो प्रश्न कित्येकदा तेथेच मिटतो.

जेवणानंतर मुले सुस्तावतात, ही चौथी वेळ. गोष्ट हे या वेळचे हक्काचे काम. पुस्तक हातात धरून, चित्र दाखवत, संथपणे सांगितलेली गोष्ट. एखादे मूल झोपले तर झोपू द्यावे. वीस मिनिटांनी ते आपोआप उठते आणि उरलेला दिवस चांगला जातो. तपासणीला कोणी आले तर काय म्हणतील ही धास्ती असते, पण वय सांगितल्यावर समजूतदार केंद्रप्रमुख (परिसरातील शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) त्यावर बोट ठेवत नाहीत.

पाचवी आणि सर्वांत दुर्लक्षित वेळ शेवटची चाळीस मिनिटे. येथे कोणतेही नवे काम घेऊ नये. ‘मामाचं पत्र हरवलं’ या खेळात रुमालाऐवजी अक्षरकार्ड टाकले की ज्याच्या मागे पडेल त्याने ते वाचून धावायचे, असा खेळ अंगणात घ्यावा. नंतर वर्गात येऊन दप्तर भरणे, चपला शोधणे, आणि प्रत्येकाने आज घरी काय सांगायचे ते एका वाक्यात बोलणे. ‘आज शाळेत काय केलं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले की पालकांचा विश्वास हळूहळू सुटतो, म्हणून हे वाक्य फार उपयोगी पडते.

दिवसाप्रमाणे आठवड्यालाही उतार असतात. सोमवारी निम्मी घडी विस्कटलेली असते. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मुले उशिरा झोपलेली असतात. जत्रा, पोळा, लग्नसराई, भातलावणी यांच्या आसपास हजेरी घसरते. गावाचे असे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवावेत आणि त्या दिवशी उजळणी ठेवावी, कारण निम्म्या वर्गाला शिकवलेले नवे अक्षर उरलेल्या निम्म्या वर्गाला पुन्हा शिकवावेच लागते.

वाचन: सहा अक्षरांपासून वाक्यापर्यंत

मुळाक्षरे अ ते ज्ञ क्रमाने गिरवून घेण्याची पद्धत अजूनही घरोघरी अपेक्षित असते. तिचा दोष असा की दोन-अडीच महिने मूल अक्षरे काढते आणि तरी एकही अर्थपूर्ण शब्द स्वतः वाचत नाही. त्याऐवजी वारंवार येणाऱ्या पाच-सहा अक्षरांचा गट घ्यावा. ग, म, न, र, ल, क या सहा अक्षरांतून मन, नग, गरम, नरम, मगर, कमल, कलम, नकल, रकम, गगन इतके शब्द तयार होतात. काना जोडला की कान, नाक, गाल, काम, लाल, राग, काका, मामा, नाना मिळतात आणि ‘राम, काम कर’, ‘रमा, नाक लाल का?’ अशी वाक्येसुद्धा. कोल्हापूर जिल्ह्यातील मुलांना कागल हे गावाचे नावही वाचता येते, आणि एसटीच्या पाटीवरचे नाव वाचता आले की ते मूल त्या दिवशी घरी साऱ्यांना सांगत सुटते.

क्रम असा ठेवावा. आधी काही दिवस केवळ कानाचा खेळ: शिक्षकाने ‘का… न’ असे तोडून म्हणावे, मुलांनी ‘कान’ म्हणावे. मग उलटे, मुलांनी ‘नाक’ तोडावे. हे न करता थेट अक्षरांवर गेल्यास मूल ‘क… म… ल’ असे तीन सुटे आवाज बरोबर म्हणते आणि शब्द मात्र सांगू शकत नाही. त्यानंतर दोन अक्षरी शब्द, त्यांत पक्के झाल्यावर तीन अक्षरी. एका आठवड्यात दोन-तीन नवी अक्षरे पुरेत, आणि शनिवारी नवे काहीच नको.

दिसायला सारखी अक्षरे एकाच आठवड्यात कधीही घेऊ नयेत. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, ट-ठ-ढ, ड आणि इ या जोड्यांत किमान तीन-चार आठवड्यांचे अंतर असावे. पहिले अक्षर पूर्ण पक्के झाल्यावरच दुसरे आणावे. फरक समजावून सांगण्यासाठी दोन्ही शेजारी लिहिण्याची सवय चांगल्या हेतूची असली तरी पहिल्या भेटीतच केलेली ती तुलना गोंधळ कायमचा पक्का करते.

काल येत होते ते आज येत नाही, हा या टप्प्यावरचा सर्वांत निराश करणारा अनुभव आहे आणि तो अगदी स्वाभाविक आहे. नवे अक्षर ओळखण्यापासून ते कोणत्याही शब्दात, कोणत्याही आकारात, कोणाच्याही हस्ताक्षरात ओळखता येईपर्यंत मूल अनेकदा पुढे-मागे होते. अशा वेळी अक्षर पुन्हा पहिल्यापासून शिकवू नये. ओळखीच्या शब्दात ते दाखवून ‘हे कमलमधलं’ एवढी आठवण द्यावी आणि पुढे जावे.

पायाभूत वाचन आणि गणितासाठी ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचणे हे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट योग्य आहे, परंतु घड्याळ लावून वाचून घेण्याचा सराव रोज करू नये. वेग सरावाने येतो. घड्याळाने येते ती धास्ती. वाचून झाल्यावर उताऱ्याबद्दल एक प्रश्न विचारला की मूल समजून वाचते की नुसते आवाज काढते ते कळते.

संख्या: तेवीस आणि एकोणतीसचा पेच

वीसपर्यंतचे गणित चिंचोके, खडे, आइस्क्रीमच्या काड्या यांवर सुरळीत चालते. अडचण त्यापुढे येते. मराठीत ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी आणि वीस नंतर ऐकू येतात, लिहिताना मात्र २ आधी. म्हणून मूल ३२ लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येते आणि मूल ३९ लिहिते. ही चूक निष्काळजीपणाची नाही. कानाने ऐकलेले ते प्रामाणिकपणे लिहीत असते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९मध्ये ‘वीस तीन’, ‘सत्तर तीन’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. वाद बाजूला ठेवून वर्गात त्याचा उपयोग शिडीसारखा करावा, असे माझे मत आहे: काही आठवडे दोन्ही नावे एकत्र म्हणावीत, ‘वीस आणि तीन, तेवीस’, आणि मग रूढ नावावर यावे.

त्याआधी दहाचा गठ्ठा हाताने बांधून झाला पाहिजे. काड्या मोजून रबर लावणे, गठ्ठा सोडणे, पुन्हा बांधणे हे मुलांनी स्वतः करावे. एकोणतीससाठी तीन गठ्ठे बांधून त्यांतल्या एकातून एक काडी काढून दाखवावी: तीसला एक कमी. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांची एकत्र तासिका घेतली की नियम मुलांनाच सापडतो. फळ्यावर दशक-एककाच्या चौकटी आखणे यानंतर, आधी कधीच नाही.

भांडणे आणि ‘बाई, ह्यानं माझी पेन्सिल घेतली’

दिवसाला अशा डझनावारी तक्रारी येतात आणि त्या सर्वांचा निवाडा करू पाहणारा शिक्षक शिकवू शकत नाही. लागले आहे, रक्त आले आहे, मूल घाबरले आहे, अशी तक्रार असेल तर काम थांबवून तत्काळ पाहावे. बाकीच्यांना एकच प्रश्न विचारावा: ‘तुला आता काय हवंय?’ पेन्सिल हवी असेल तर दुसरी द्यावी. नुसते सांगायचे असेल तर ऐकून मान हलवावी, तेवढ्याने मूल जागेवर जाते. समोरच्याला शिक्षा व्हावी एवढीच इच्छा असेल तर ‘हात धुवायच्या आधी तक्रारींची वेळ आहे, तेव्हा सांग’ असे म्हणावे. त्या वेळेपर्यंत बहुतेक तक्रारी विसरल्या जातात आणि ज्या उरतात त्या खऱ्या असतात, त्यांच्याकडे नीट लक्ष द्यावे.

मारामारी झाल्यास आधी ज्याला लागले त्याच्याकडे जावे, नंतर दोघांना वेगवेगळे ऐकावे. बळेच ‘सॉरी’ म्हणायला लावू नये. सांडलेले पाणी पुसणे, तुटलेली पेन्सिल टोक करून देणे, अशी भरपाई मुलांना लवकर समजते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई केली आहे. अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे, वर्गासमोर टिंगल करणे हे सर्व त्यात येते. वर्गाबाहेर उभे करणे तर व्यवहारदृष्ट्याही वेडेपणाचे आहे, कारण ज्याला त्या पाठाची सर्वांत जास्त गरज आहे तेच मूल पाठाला मुकते.

एखादे मूल वारंवार मारत किंवा चावत असेल तर आठवडाभर केवळ तीन गोष्टी टिपाव्यात: वेळ, जागा आणि आधी काय घडले. नोंद पाहिली की बहुतेकदा जागा तीच निघते, म्हणजे नळाची रांग, खिचडीची रांग किंवा दाराची अरुंद पायरी. मग मुलाला उपदेश करत बसण्याऐवजी रांग बदलावी: एका वेळी सहाच मुले नळावर, उरलेली झाडाखाली गाणे म्हणत. रांग बदलल्यावरही प्रकार चालू राहिला तरच घरी काय चालले आहे याची चौकशी करावी, तीही हळुवारपणे.

दोन इयत्ता एका खोलीत

वर्गाची विभागणी इयत्तेनुसार कायमची करू नये. गोष्ट, गाणी, चित्रकला, खेळ, परिसरातील फेरी हे एकत्र. वाचन आणि गणित स्तरानुसार. दुसरीतील जे मूल काना-मात्रेवर अडले आहे ते पहिलीच्या पुढे गेलेल्या मुलांबरोबर बसू शकते, फक्त गटांना ‘हुशार-कच्चे’ असा वास येणारी नावे नकोत.

शिक्षकाने वीस मिनिटे एका गटासोबत बसावे तेव्हा दुसऱ्या गटाकडे असे काम हवे की ज्यासाठी त्यांना विचारायला यावे लागणार नाही. ‘धडा वाचा’ हे काम नव्हे. शब्दपट्ट्या चित्रांना जोडणे, काड्यांचे गठ्ठे बांधून संख्या लिहिणे, वाचनपेटीतले पुस्तक जोडीने पाहणे, तळफळ्यावर ठरलेल्या जागेत पाच शब्द लिहिणे अशी कामे आदल्या दिवशी संध्याकाळी तयार करून ठेवावी लागतात. एकत्र वर्गाची खरी मेहनत तेथे आहे. दुसरीतील मुलांनी पहिलीच्यांना शिकवावे, हे उत्तम, पण तेच ते मूल रोज मदतनीस होऊ नये. त्याचाही अभ्यास आहे.

नोंदी: थोड्या पण रोजच्या

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१०पासून राज्यात लागू आहे आणि वर्णनात्मक नोंदी कराव्याच लागतात. सत्राच्या अखेरीस एका बैठकीत लिहिलेल्या नोंदी सर्व मुलांच्या सारख्याच दिसतात. त्याऐवजी रोज पाच मुले ठरवून प्रत्येकाविषयी एकच ओळ लिहावी: ‘“मगर” जोडून वाचले, “कलम” अडले’, ‘तीन गठ्ठे सहा काड्या, छत्तीस सांगितले, लिहिताना ६३.’ आठवड्याभरात पूर्ण वर्ग येतो. वाईट दिवसाच्या संध्याकाळी मागची पाने चाळली की जूनमध्ये अक्षर न ओळखणारे मूल आता कोठे आहे ते कागदावर दिसते. मनावर भरवसा ठेवला तर त्या दिवशी ते आठवत नाही.

पालक आणि स्थलांतर

पालकांना शाळेत बोलावले की काहीतरी तक्रार असणार, असे त्यांना वाटते. म्हणून पहिली भेट चांगली बातमी देण्यासाठी घ्यावी, शक्यतो घरी जाऊन, संध्याकाळी कामावरून परतल्यावर. मागणी एकच आणि करता येण्याजोगी असावी. ‘अभ्यास घ्या’ हे अक्षरओळख नसलेल्या आईला सांगणे म्हणजे तिला कमीपणा आणणे आहे. ‘रोज रात्री त्याला शाळेतली गोष्ट सांगायला लावा’ हे तिला जमते.

मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्यात, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पहिलीच्या वर्गासाठी हा सर्वांत मोठा उतार आहे, आणि तोही ठरलेल्या वेळीच येतो. मुलाला आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, हे सप्टेंबरमध्येच घरी विचारावे; मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन टोळी ठरली आणि ट्रक दारात आला की बोलण्यात अर्थ नसतो. जाणे अटळ असेल तर स्थलांतरित मुलाला नव्या शाळेसाठी दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डावर मूल कोणत्या टप्प्यावर आहे ते स्पष्ट लिहून द्यावे, म्हणजे कारखान्याजवळची शाळा तेथून पुढे नेऊ शकेल, आणि दप्तरात पाटी, पेन्सिली व त्याला वाचता येणाऱ्या शब्दांच्या दहा-बारा पट्ट्या द्याव्यात. परत आल्यावर त्याला पहिल्यापासून बसवू नये. पाच मिनिटे वाचून घेऊन तो जेथे आहे त्या गटात घ्यावे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेव्हा मुलांच्या दिवसाप्रमाणे शाळा वळवली होती. आपल्याला एवढी मोकळीक नसते, पण परतलेल्या मुलासाठी एक गट मोकळा ठेवणे कोणत्याही परिपत्रकाच्या आड येत नाही.

एप्रिलमधील सोपवणी

वर्षाअखेरीस निकालपत्रकाबरोबर पुढच्या शिक्षकाला प्रत्येक मुलाविषयी अर्धे पान द्यावे. त्यात श्रेणी लिहू नये, ती निकालपत्रकात आहेच. मूल कोणता मजकूर सहज वाचते, कोणती अक्षरे अजून गोंधळात टाकतात, कोठपर्यंतच्या संख्या लिहिते, कशाने शांत होते, कोणत्या वेळी बिथरते, घरी बोलायचे तर आईशी बोलावे की आजीशी, आणि कोणाच्या शेजारी बसवू नये, एवढे पुरे. दुसरीतून तिसरीत जाणाऱ्यांची पाने शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला समोर बसून वाचून दाखवावीत. पहिलीची पाने स्वतःच्याच कपाटात वरच्या कप्प्यात ठेवावीत, कारण बदलीचा आदेश उन्हाळ्याच्या सुट्टीतही येऊ शकतो.